मोकळ्या प्लॉटांचे गाव आणि घरकुलाची सवलत

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जाताना एसटीच्या खिडकीतून शेवटचे दोन किलोमीटर नीट पाहिले, तर तिथल्या घरांच्या प्रश्नाचा निम्मा खुलासा तेवढ्यातच होतो. कालपरवापर्यंत ज्या वावरात कपाशी किंवा धान उभा होता, तिथे मुरमाचे रस्ते, सिमेंटचे खुंटे आणि तोंडाशी एक रंगवलेली कमान दिसते. कमानीवर 'नगरी' किंवा 'विहार' असे शेवट असलेले नाव असते आणि आत चार घरे सोडली तर बाभळी आणि गाजरगवत माजलेले असते. गावाच्या दुसऱ्या अंगाला, नाल्याच्या काठाने, टिनाच्या आणि कुडाच्या घरांची रांग असते, जिथे एका खोलीत दोन भावांचे संसार मध्ये पडदा लावून चालतात. नगरपंचायत एकच, हद्द एकच.

अशा नगरपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी परवडणाऱ्या घरांना उत्तेजन म्हणून सवलती द्याव्यात काय, ही चर्चा अधूनमधून निघते आणि बहुतेक वेळा 'तिजोरीत द्यायला आहे काय?' या एका प्रश्नावर संपते. आपल्या गावांत जमिनीच्या धंद्याला सवलत आजही दिली जाते, दरवर्षी दिली जाते आणि ती लहान नसते. फक्त तिचा ठराव होत नाही, हिशेब ठेवला जात नाही आणि बदल्यात काही मागितले जात नाही, असे माझे म्हणणे आहे. हे मान्य केले की तिजोरीचा प्रश्न निराळा दिसू लागतो. आज ही सवलत कुणाच्या पदरात पडते आणि तीच अट घालून दिली तर काय साधेल, हे मग तपासावे लागते.

परवडणाऱ्या घरांसाठी सवलती म्हटले की जे डोळ्यांपुढे येते ते सगळे मोठ्या शहरांच्या मापाने कापलेले आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून जवळजवळ सगळ्या राज्याला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, १.१ आहे, आणि पंतप्रधान आवास योजनेच्या प्रकल्पांना रहिवासी विभागात तो २.५ पर्यंत वाढवून मिळू शकतो. शहरी आवास योजनेच्या २०१५ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत भागीदारीतल्या प्रकल्पात किमान २५० घरे आणि त्यांतली किमान ३५ टक्के दुर्बल घटकांसाठी असावीत, अशी अट होती. वस्तू व सेवा कराच्या हिशेबात, महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंतचे आणि ४५ लाख रुपयांपर्यंतचे घर 'परवडणारे' ठरते आणि त्यावर एक टक्का कर लागतो. आमच्याकडे ४५ लाखांचे घर कुणी बांधले तर वास्तुशांतीला आमदार येतात. एकावर एक मजले चढवण्याची मुभा हे बक्षीस तेव्हाच असते, जेव्हा जमीन महाग असते, मजले विकत घेणारा ग्राहक असतो आणि ते बांधणारा बिल्डर असतो. धारणीत, सिंदेवाहीत, मारेगावात किंवा देवरीत अडीच निर्देशांक जाहीर केला, तर तो कागदावरच राहील, कारण तिथे मूळचा १.१ वापरून संपवणारी घरेदेखील बोटांवर मोजावी लागतील.

इथे घर बिल्डर बांधत नाही, घरचेच लोक बांधतात. एका हंगामाचे पैसे आले की पाया आणि जोते होते, दोन वर्षांनी भिंती उठतात, मग स्लॅब पडेपर्यंत वर टिन असते. गावातला एक मिस्त्री, दोन हेल्पर आणि सुट्टीच्या दिवशी घरची माणसे, एवढाच बांधकामाचा ताफा. इमारतीतली सदनिका या माणसाला सोयीचीही नसते. बकरी बांधायची, सरपण रचायचे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की रात्री अंगणात बाज टाकायची, यासाठी आंगण आणि मागची सांदवाडी लागते, आणि ती तिसऱ्या मजल्यावर देता येत नाही. म्हणून शहरी आवास योजनेच्या घटकांपैकी या गावांच्या कामाचा घटक एकच आहे, लाभार्थ्याने स्वतः बांधायच्या घराचा. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये हप्त्यांनी मिळतात. आजच्या लोखंड-सिमेंटच्या भावात ही रक्कम अपुरीच आहे, आणि अधिकचा बोजा सावकारावर किंवा बचत गटाच्या कर्जावर पडतो. पण रक्कम कमी पडणे ही दुसऱ्या क्रमांकाची अडचण झाली. पहिली अडचण अशी की हे पैसे मिळायला पायाखालची जागा स्वतःच्या नावावर लागते.

विदर्भातला सगळा गुंता या 'नावावर' शब्दात आहे. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, मालगुजारी, म्हणजे इंग्रजांच्या काळातली जमीनदारीसारखी व्यवस्था, संपल्यानंतर हजारो हेक्टर जमीन महसुली कागदांत 'झुडपी जंगल' म्हणून राहिली. त्या जागेवर शाळा झाल्या, दवाखाने झाले, वस्त्या झाल्या, पण कागद हलला नाही. सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा वाद २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पोचला. न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचे सांगितले. त्याबरोबरच १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जागा दुसऱ्या उपयोगासाठी दिल्या गेल्या त्यांच्यासाठी वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता घेऊन नियमित करण्याची वाट मोकळी ठेवली. पश्चिमेकडे, वऱ्हाडात, हीच अडचण 'ई-क्लास' या नावाने भेटते. गुरचरणाच्या आणि गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे नियमित करण्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग प्रकरणातल्या निकालाने पायबंद घातला, आणि त्यामागचा विचार योग्यच होता. पण त्या जमिनीवर तीन पिढ्या राहिलेल्या मजुराला तेवढ्याने पर्यायी जागा मिळाली नाही. जुन्या गावांच्या मध्यभागी नजूलचे, म्हणजे शासकीय जमिनीचे भाड्याने दिलेले, पट्टे आहेत, ज्यांचे नूतनीकरण आजोबांनंतर कुणी केलेलेच नाही आणि ज्यांच्या आखीव पत्रिकेवर अजून मृतांची नावे आहेत.

यात आणखी एक गंमत झाली. २०१४ नंतर राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. एका अधिसूचनेने गाव शहर झाले, पण नाला होता तिथेच राहिला. शहर झाल्यामुळे ग्रामीण आवास योजना गेली, तिच्याबरोबर घरकुलाच्या कामावर रोजगार हमीतून मिळत आलेली ९० दिवसांची मजुरी गेली, आणि २०२० पासून ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना केवळ खेड्यांसाठी असल्यामुळे तीही हद्दीबाहेरून निघून गेली. शेजारच्या खेड्यातल्या माणसाकडे आज घराची सनद आहे आणि तालुक्याच्या गावातल्या माणसाकडे फक्त टॅक्स पावती. ही पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असे त्या पावतीवरच छापलेले असते.

म्हणून या गावांत परवडणाऱ्या घराला द्यायची पहिली सवलत चटई क्षेत्राची नसून मोजणीची आहे. शासकीय जमिनीवरची १ जानेवारी २०११ पर्यंतची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण राज्याने २०१८ मध्ये 'सर्वांसाठी घरे' या उद्दिष्टाखाली आणले. धोरण आहे, पण प्रत्येक घरासाठी मोजणी हवी, नकाशा हवा, पुरावे हवेत, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे प्रस्ताव हवा. आणि रोजंदारी बुडवून चार कार्यालयांत चकरा मारणे ज्याला परवडते, त्याला या योजनेची फारशी गरज नसते. नगरपंचायतीने वॉर्डनिहाय मोजणीचे शुल्क एकरकमी भूमी अभिलेख कार्यालयात भरावे, संपूर्ण वस्ती एकदाच मोजून घ्यावी आणि प्रस्ताव स्वतः तयार करून पुढे पाठवावेत. हे काम एका सिमेंट रस्त्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडेल. त्याने उद्घाटनाची कोनशिला बसवता येत नाही, ही त्यातली खरी उणीव.

पण जिथली जमीन नियमित होऊच शकत नाही, तिथल्या माणसाला दुसरी जागा लागेल, आणि ती गावाच्या कडेच्या खासगी लेआउटमध्येच आहे. तेव्हा लेआउटच्या व्यवहाराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. शेतकऱ्याकडून एकराच्या भावाने जमीन घेतली जाते, अकृषक होते, आणि चौरस फुटाच्या भावाने विकली जाते. मधल्या वाढीपैकी काही मालकाच्या कष्टाची आणि जोखमीची असते, हे खरे. बाकीची वाढ गावाने निर्माण केलेली असते. तहसील, महाविद्यालय, ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती, पाण्याची टाकी हे सगळे सार्वजनिक पैशांतून उभे राहिले म्हणून त्या वावराला भाव आला. नियमाप्रमाणे रस्ते, नाल्या आणि पथदिवे लेआउटधारकाने करून द्यायचे असतात आणि मग अंतिम मंजुरी घ्यायची असते. प्रत्यक्षात मुरूम पसरून प्लॉट विकले जातात, लेआउटधारक पुढच्या वावराकडे वळतो, आणि पाच-सहा वर्षांनी तिथे राहायला आलेली दहा-बारा कुटुंबे चिखलाचे फोटो घेऊन नगरपंचायतीच्या दारात येतात. त्यांची तक्रार रास्त असते. मग कुठल्या तरी शासकीय निधीतून तिथे सिमेंट रस्ता आणि नाली होते, आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटांचा भाव एका रात्रीत चढतो, आणि ज्या नाल्याकाठच्या वस्तीतून त्या रस्त्यावर गिट्टी टाकायला मजूर गेले, तिथली नाली पुढच्या वर्षावर जाते. नगरपंचायतीने लेआउटला दिलेली सवलत ती हीच.

ही सवलत बंद करा असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने त्या दहा-बारा कुटुंबांचा चिखल वाढेल. ती उघडपणे द्यावी आणि मोबदला घ्यावा. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के वाटा अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची तरतूद राज्याच्या नियमांत आहे. छोट्या गावांना ती लागू नाही. कारण बहुधा असे गृहीत धरले गेले की छोट्या गावात जमीन स्वस्तच असते. रोज तीनशे-चारशे रुपये कमावणाऱ्या आणि वर्षातले सहा महिनेच काम मिळणाऱ्या शेतमजुराला ती स्वस्त नाही. इतक्या छोट्या गावांत २० टक्क्यांची सक्ती आणली, तर लेआउट कागदावर तोडून ४००० मीटरच्या आत बसवले जातील, हेही मला दिसते. म्हणून इथे सक्तीपेक्षा करार बरा. जो लेआउटधारक आपल्या प्लॉटांपैकी, समजा, दर दहांतला एक प्लॉट पाचशे-सहाशे फुटांचे तुकडे करून रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, भावाने नगरपंचायतीच्या यादीतल्या कुटुंबांना देईल, त्याच्या लेआउटची मुख्य नाली आणि पाण्याची वाहिनी नगरपंचायत पहिल्याच वर्षी, स्वतःच्या खर्चाने, कराराने बांधील होऊन करून देईल. लेआउटधारकाला याचा फायदा उघड आहे. त्याचे उरलेले नऊ प्लॉट लवकर आणि चांगल्या भावाने जातील. नगरपंचायतीलाही नवा खर्च नाही. जो खर्च ती सहा वर्षांनी मोबदल्याशिवाय करणारच आहे, तो आज मोबदला घेऊन करते. अट मात्र कडक हवी. लेआउट महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेले असावे, राखीव प्लॉटांची खरेदीखते आधी व्हावीत, आणि ते प्लॉट ठरावीक वर्षे विकता येऊ नयेत. नाहीतर मजुराच्या नावाने खरेदी आणि मास्तरांच्या नावाने इसारचिठ्ठी, हा प्रकार पहिल्याच महिन्यात सुरू होईल.

आता रिकाम्या प्लॉटांविषयी. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने मालमत्ता कर इमारतींवर तसा जमिनींवरही बसतो. तरीही कित्येक गावांत मोकळ्या प्लॉटाची आकारणी झालेलीच नसते किंवा वर्षाला एका वेळच्या हॉटेलच्या बिलाइतकी असते. प्लॉट राखून ठेवायला काहीच लागत नाही, म्हणून तो राखला जातो; बँकेतल्या ठेवीपेक्षा तो बरा आणि सोन्यापेक्षा सुरक्षित, असा हिशेब नोकरदार आणि व्यापारी घरांत उघडपणे मांडला जातो. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. मुलीच्या लग्नासाठी किंवा निवृत्तीनंतर बांधण्यासाठी घेतलेला एक प्लॉट प्रत्येक कुटुंबाला सामान्य दरात मोकळा ठेवता यावा. दुसऱ्या प्लॉटापासून मात्र आकारणी काटेकोर व्हावी आणि दर पाच वर्षांनी वाढत जावी. वाढीव दराला राज्य शासनाची मान्यता लागेल. आहे त्या दरात आकारणी पूर्ण करणे तेवढे आजही पूर्णपणे नगरपंचायतीच्या हातात आहे. समजा, एका हद्दीत ४०० मोकळे प्लॉट आहेत आणि प्रत्येकावर वर्षाला सरासरी १५०० रुपये बसतात, तर ६ लाख रुपये होतात. महापालिकेच्या लेखी ही रक्कम नगण्य असेल. एखाद्या वस्तीची मोजणी आणि काही घरकुलांच्या शुल्कमाफीसाठी ती पुरेशी आहे.

शुल्कमाफीचा मुद्दा लहान आहे, पण टाळण्यासारखा नाही. विकास शुल्क राज्याच्या कायद्याने ठरलेले असल्यामुळे त्यात नगरपंचायतीला मनाप्रमाणे सूट देता येत नाही. पण नळजोडणीची अनामत, रस्ता खोदण्याचे पैसे, छाननी शुल्क, दाखल्यांचे शुल्क हे तिच्या अखत्यारीत आहे, आणि अडीच लाखांच्या अनुदानातून दहा-बारा हजार याच खिडक्यांवर परत जातात. नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा दाखल केल्याची पोच हीच परवानगी मानली आहे. पण नकाशा काढून देणाऱ्या अभियंत्याची फी वेगळीच. आपल्या हद्दीतल्या जमिनीला आणि उन्हाळ्याला साजेसे ३० चौरस मीटरचे तीन-चार नमुना नकाशे नगरपंचायतीने एकदाच तयार करून घ्यावेत, ते फुकट द्यावेत, आणि त्यांत पुढे खोली वाढवायची जागा आधीच दाखवावी. राज्याच्या धोरणाप्रमाणे घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, पण ती घाटावरून दारापर्यंत आणायला ट्रॅक्टरचे भाडे लागते. तिथे नगरपंचायतीचा रिकामा उभा असलेला ट्रॅक्टर कामी येऊ शकतो.

भाड्याच्या घरांबद्दल या चर्चेत कुणी बोलतच नाही, म्हणून दोन शब्द. आश्रमशाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका, बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरे आणि हंगामाला आलेले मजूर या सगळ्यांना घर विकत नको आहे, खोली हवी आहे. त्या खोल्या गावातलीच साधी घरे पुरवतात. पण जिथे घराचा कर वार्षिक भाडेमूल्यावर बसतो, तिथे खोली भाड्याने दिल्याचे जो प्रामाणिकपणे सांगेल त्याची आकारणी वाढते. त्यामुळे कुणी सांगत नाही, करार होत नाही, आणि करार नसल्यामुळे भाडेकरूला ना गॅसजोडणी मिळते ना पत्त्याचा पुरावा. स्वतः राहत्या घरातल्या एक-दोन खोल्या नोंदणीकृत कराराने भाड्याने देणाऱ्याची आकारणी पाच वर्षे वाढणार नाही, एवढी हमी दिली, तर एक रुपयाही न खर्चता शेकडो खोल्या उजेडात येतील आणि नव्या बांधल्याही जातील. निव्वळ सवलतीच्या हिशेबाने पाहिले तर या लेखातली सगळ्यांत स्वस्त सूचना हीच असावी.

यावर एक आक्षेप मला गावातच ऐकायला मिळतो आणि तो खोटा नाही. यादी शेवटी नगरसेवकच ठरवणार, आणि ज्याचे मत वळवायचे त्याचेच नाव वर जाणार. आक्षेप घेणारे बहुधा याच गावात लहानाचे मोठे झालेले असतात, त्यामुळे त्यांना सिद्धांत सांगून उपयोग नसतो. क्रम लावण्याचे निकष आधी आणि नावे नंतर जाहीर झाली, यादी नगरपंचायतीच्या भिंतीवर आणि वॉर्डातल्या पारावर महिनाभर लावली, आणि हरकतींवर लेखी उत्तर देणे मुख्याधिकाऱ्यांवर बंधनकारक केले, तर वशिल्याला निदान उन्हात उभे राहावे लागेल. लेआउटच्या कराराची अडचण याहून नाजूक आहे. अर्थसंकल्पाच्या सभेत मोकळ्या प्लॉटांवरच्या आकारणीचा आणि लेआउटधारकांशी करायच्या कराराचा विषय निघेल, तेव्हा सभागृहातल्या काहींच्या नावावर, किंवा त्यांच्या मेहुण्याच्या नावावर, हेच प्लॉट असतील. विषय मतदानाला टाकण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने नगरपंचायतीच्या हद्दीतले आपल्या कुटुंबाचे प्लॉट, त्यांच्या भूमापन क्रमांकांसह, सभेच्या इतिवृत्तात नोंदवावेत, असा पहिला ठराव तिथे मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडायला विरोधी बाकावरचा एक सदस्य पुरेसा आहे.